वहाबभाईंचा तह

मेहकरच्या स्टँडकडून बालाजीच्या देवळाकडे निघालं की उजव्या हाताला माझं झेरॉक्सचं दुकान लागतं, आणि त्याला लागून वहाबभाईंचं फ्रीज दुरुस्तीचं. माझ्या दुकानाला हातभर पाटी आहे, त्यांच्या दुकानाला नाही. तरी लोक माझा पत्ता सांगताना 'वहाबभाईच्या बाजूची धम्मशीला' असंच सांगतात. सुरुवातीला मला याचा राग यायचा. आता मीसुद्धा कुरिअरवाल्याला तेच सांगते.

वहाबभाईंची सगळी कीर्ती एका आवाजावर उभी होती. फ्रीज थंड करेनासा झाला की आत उरलेला जुना गॅस आधी काढावा लागतो, मग नवा भरायचा. बाकीचे मेकॅनिक हे काम कोपऱ्यात उरकतात. वहाबभाई ते भर रस्त्यावर करायचे. गिऱ्हाइकाला खुर्ची द्यायचे, चहा सांगायचे, आणि पक्कड हातात घेऊन म्हणायचे, "ऐका बरं आता." नळी कापली की 'फुस्स' असा लांबलचक आवाज यायचा आणि गिऱ्हाईक समाधानाने मान डोलवायचं. आवाज मोठा आला तर काम झकास. बारीक आला तर, "वहाबभाई, काही राह्यलं त नाही ना आत?" मध्यंतरी एका बाहेरगावच्या मेकॅनिकने स्टँडजवळ चकाचक दुकान टाकलं. हात चांगला होता बिचाऱ्याचा, पण काम गुपचूप करायचा. बायका म्हणायच्या, "त्यानं काईच केलं नाही, आवाजच नाही आला." पावसाळा लागायच्या आत त्याने शटर ओढलं.

माणूस अंगाने किडकिडीत, पण आवाज असा की पलीकडच्या रसवंतीवाल्याला ऑर्डर द्यायला जागचं उठावं लागत नाही. तरुणपणी खामगावला एका उस्तादाच्या हाताखाली काम शिकले आणि परत येऊन हे दुकान टाकलं. दुकानात दुसऱ्या कुणाचं काही चालू द्यायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम. पंखा कुठे लावायचा हेही ते इलेक्ट्रिशियनला विचारत नाहीत.

त्यांना वचकून नसलेला मेहकरात एकच माणूस, तो म्हणजे माझे बाबा. किसनराव. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले, जानेफळला राहतात, आणि सकाळच्या बसने रोज मेहकरला येतात. म्हणायला माझ्या दुकानात मदत करायला. प्रत्यक्षात त्यांनी आजवर एक कागद मशीनवर सरळ ठेवलेला नाही. ते येतात वहाबभाईंशी वाद घालायला, आणि संध्याकाळच्या बसने ताजेतवाने होऊन परत जातात.

वादाचा विषय वर्षानुवर्षं एकच. आपला देश कोणत्या कागदावर सही करतो आणि कोणत्यावर करत नाही.

"बॉम्बच्या कागदावर सही केली का आपन?" वहाबभाई सुरुवात करायचे.

"नाही केली," बाबा छाती काढून म्हणायचे, जणू सही न करण्याचं काम त्यांच्याकडेच होतं.

"काऊन नाही केली?"

"त्याच्यात लिवलं होतं, पाच देशायनं बॉम्ब ठेवाचे आन बाकीच्यायनं हात जोडून बसाचं. असा कुठं कायदा असते का? सगळे टाका, मंग आमी बी टाकतो, असं म्हनलं आपन."

"शाबास. मंग गॅसच्या कागदावर कोन्या तोंडानं सही केली?"

इथे भांडण पेटायचं. गॅसचा कागद म्हणजे काय, हे मला इतक्या वेळा ऐकावं लागलं आहे की झोपेत सांगेन. पूर्वीच्या फ्रीजमधला गॅस हवेत सोडला की वर जाऊन ओझोनच्या थराला भोकं पाडायचा, म्हणून जगातल्या देशांनी कॅनडात बसून तो बंद करायचा करार केला. पुढे आपण त्यात सामील झालो आणि तो गॅस बाजारातून हळूहळू गेला. त्याच्या जागी जो आला तो ओझोनला हात लावत नाही, पण हवा तापवतो. म्हणून त्यालाही आवरायचं ठरलं, आणि त्यालाही आपण होकार दिला. म्हणजे वहाबभाईंचा हात एका गॅसवर बसला की दुनिया तो बदलायची. त्यांच्या दृष्टीने हा देशावर आणि त्याहून जास्त त्यांच्यावर अन्याय होता.

"मी मेहकरात कोन्ता गॅस भरू, हे कॅनडातले लोक ठरोनार? मले विचारलं होतं का कोनी?"

"अबे, बॉम्ब आपल्या घरात राह्यते. हवा राह्यते का घरात?" बाबा म्हणायचे. "तू सोडलेला गॅस नगरपालिकेच्या हद्दीत थांबते का?"

"नाही थांबत त त्यायनं आपल्या हद्दीत येऊ नाही देवा."

यावर बाबा चहा मागवायचे.

तरी त्या करारातली एक गोष्ट वहाबभाईंना मनापासून पटलेली होती, आणि ती ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचे. आपल्या देशाने तेव्हा सांगितलं की बाबांनो, गेली कित्येक वर्षं हा गॅस श्रीमंत देशांनी उडवला, थंडगार घरांत तेच बसले. आता बंद करायचा तर खर्चही त्यांनीच द्यावा, आणि आम्हाला सवड द्यावी. आणि तसं झालं. श्रीमंत देशांनी पैसे काढले, गरीब देशांना दहा वर्षांची जास्तीची मुदत मिळाली. "ज्यानं घाण केली त्यानं झाडू मारावा," वहाबभाई मांडीवर थाप मारून म्हणायचे. "हे कलम ज्यानं लिवलं त्याचा हात चुमला पायजे." फ्रीज घेऊन आलेल्या माणसाला आपला फ्रीज कधी मिळेल एवढंच हवं असायचं, पण झाडूचं कलम ऐकल्याशिवाय सुटका नसायची.

आता मलिहा. वहाबभाईंची एकुलती एक मुलगी. बारावीनंतर तिने बुलढाण्याला आयटीआयला फ्रीज-एसीचाच ट्रेड घेतला, तेव्हा वहाबभाई पंधरा दिवस गल्लीत नुसते मिरवत होते. नंतर ती एका कंपनीत शिकाऊ म्हणून संभाजीनगरला गेली, वर्षभर राहिली, आणि गेल्या मार्चमध्ये परत आली ती एक यंत्र घेऊन. रंग उडालेलं, कुणीतरी वापरलेलं, पण चालू. स्वतःच्या पगारातून घेतलेलं. फ्रीजमधला जुना गॅस हवेत न सोडता ओढून घेऊन सिलिंडरमध्ये भरणारं यंत्र.

"याचं काय कराचं?" वहाबभाईंनी विचारलं.

"गॅस याच्यात घ्याचा, अब्बा. हवेत सोडाचा नाही. आता असंच करा लागते."

"आन आवाज?"

"आवाज नाही येत."

वहाबभाईंनी यंत्राकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, आणि हातातला चहाचा ग्लास यंत्रावर ठेवून दिला. पुढचे कित्येक दिवस त्या यंत्राचा एवढाच उपयोग झाला.

घरात ही मंडळी आपसात उर्दूच बोलतात. पण हे भांडण मात्र वऱ्हाडीत व्हायचं, तेही रस्त्यावर, कारण दोघांनाही पंच हवे होते आणि पंच आम्ही. मलिहा बापाचीच मुलगी. आवाजही तोच. "अब्बा, तुमच्यासारखा हात कंपनीत कोनाचा नाही," ती म्हणायची, "पन जे चुकीचं हाये म्हनून शिकोलं मले, ते मी इथं बसून करनार नाही." वहाबभाई म्हणायचे, "दुकान कोनाचं हाये?" ती म्हणायची, "हवा कोनाची हाये?" माझे बाबा इतके खूश व्हायचे की त्यांना टाळ्या वाजवू नका म्हणून मला डोळे वटारावे लागायचे.

मी मलिहाच्या बाजूने होते, हे लपवून काय करू. ती परत आल्यापासून मला दुपारी डबा खायला सोबत होती, आणि त्या गल्लीत भडकल्यावर माझ्याइतकं भडकणारं दुसरं माणूस ती एकच होती.

एप्रिलच्या सुरुवातीला कंपनीचा फोन आला. कायमची नोकरी देतो, सोमवारी संध्याकाळपर्यंत कळवा. मलिहाने हे वडिलांना सांगितलं तेव्हा ते एका कॉम्प्रेसरला कान लावून बसले होते. "जा ना मंग," ते म्हणाले. "कोनी धरलं?" आणि पुन्हा कान लावला. कॉम्प्रेसर बंद होता. त्याचं बटणच दाबलेलं नव्हतं.

मुलीने जाऊ नये असं त्यांना वाटत होतं, आणि हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. पण राहा म्हणायचं तर फुस्स बंद करावं लागणार, आणि फुस्स बंद केलं तर तीस वर्षांची गिऱ्हाइकं म्हणणार की वहाबभाई पोरीच्या हुकमात गेला. दोन दिवस ते जेवले नाहीत नीट. त्यांची बायको गौसियाभाभी दुकानावरच्या घरातून खाली येऊन मला म्हणाली, "धम्मा, काही तरी कर. हा माणूस फ्रीज उघडते, पाहते, आन बंद करते. त्याच्यात काय हाये तेच नाही समजून राह्यलं मले."

काही तरी केलं ते बाबांनी. रविवारी दुपारी त्यांनी दोघांना माझ्या दुकानात बसवलं, शटर अर्धं ओढलं, आणि जाहीर केलं की आता तह होईल. मला कॉम्प्युटरसमोर बसवलं. "लिही," ते म्हणाले, "एक पक्ष वहाब, दुसरा पक्ष मलिहा. दोनी सार्वभौम."

"म्हंजे काय?" वहाबभाईंनी विचारलं.

"म्हंजे कोनी कोनाचा नोकर नाही. सही करा, नाही त उठून जा."

हे त्यांना आवडलं. ते खुर्चीत ताठ बसले, आणि दिल्लीहून आलेल्या वकिलासारखे अटी घालू लागले. मुख्य कलम एकच होतं, गॅस हवेत सोडायचा नाही. त्यांची पहिली अट, जुन्या गिऱ्हाइकांपुरतं फुस्स चालू राहील. मलिहा म्हणाली, तुमची सगळीच गिऱ्हाइकं जुनी आहेत. मग म्हणाले, सणासुदीला तरी. मग म्हणाले, निदान पंधरा ऑगस्टला एक फुस्स, देशाच्या मानाखातर. मी टाइप करता करता इतकी हसले की 'फुस्स'ला चार स लागले. मलिहाने मान हलवली. नाही.

"बरं, मंग मुदत," वहाबभाई म्हणाले. "आपल्या देशाले दहा वर्ष भेटले होते. मले बी दहा वर्ष पायजे."

"दहा वर्षात मी संभाजीनगरले फोरमन होईन, अब्बा."

वहाबभाई हळूच म्हणाले, "उद्यापासून लिही."

आता राहिला खर्च. यंत्राला नव्या नळ्या लागणार होत्या, गॅस साठवायला वेगळा सिलिंडर लागणार होता, आणि यंत्राचे पैसे मलिहाने स्वतःचे घातले होते. वहाबभाईंचा चेहरा इथे उजळला. सवयीप्रमाणे मांडीवर थाप पडली. "हे पाह्य, यंत्र तुले पायजे होतं. तुवा आनलं. खर्च तुहा."

मलिहाने घाई केली नाही. ओढणी सारखी केली आणि विचारलं, "अब्बा, ते झाडूचं कलम काय होतं?"

"ज्यानं घाण केली त्यानं झाडू मारावा. फर्स्ट क्लास कलम हाये."

"मंग मेहकरात तीस वर्ष गॅस कोनं सोडला?"

वहाबभाईंनी तोंड उघडलं.

"मी त आत्ता आली," मलिहा म्हणाली. "मी गरीब देश हाये. माह्या हातून अजून एक फुस्स नाही झालं. या गावातला अमेरिका कोन हाये, तुमीच सांगा."

बाबांनी मिशीवर हात ठेवला, म्हणजे हसू दिसू नये. मला खरंच भीती वाटली की आता हा माणूस उठून जाणार, आणि मग सगळंच फिसकटणार. वहाबभाई छताकडे बघत राहिले. मग त्यांच्या पोटातून काहीतरी निघालं आणि ते हसायला लागले. आधी खोकल्यासारखं, मग खुर्ची हलेपर्यंत. डोळे पुसत म्हणाले, "किसनभाऊ, या पोरीले दिल्लीत पाठवा लागत होतं. त्यायनं उगा साहेब लोक पाठोले." आणि माझ्याकडे वळून, "लिही धम्मा. खर्च अमेरिकेचा."

शेवटचं कलम बाबांनी घातलं. जो करार मोडेल त्याला दंड, आणि दंड काय हे समोरचा पक्ष ठरवेल. दोघांनी सह्या केल्या. वहाबभाईंची सही उर्दूत, मलिहाची मराठीत. बाबांनी साक्षीदार म्हणून हवालदार हा हुद्दाही लिहिला. मला वाटलं आता मलिहा लगेच कंपनीला नाही म्हणून कळवेल. पण ती कागद दुमडत म्हणाली, "सही त कोनीबी करते, धम्माताई. पाळते का ते पाहू. फोन उद्या संध्याकाळी कराचा हाये."

सोमवारी दुपारी ऊन असं तापलं होतं की रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं, आणि तेव्हाच सिंधूताईंचा फ्रीज छोट्या टेम्पोतून आला. सिंधूताईंची स्टँडमागे खानावळ आहे. दही, ताक, कोथिंबीर, सगळं त्या फ्रीजवर. शिवाय जीभ अशी की टेम्पोवाला स्वतः फ्रीज उतरवून लांब जाऊन उभा राहिला. गॅसबद्दल त्यांचं ज्ञान मेहकरातल्या इतर बायकांइतकंच होतं. म्हणजे आवाज आला पाहिजे.

वहाबभाईंनी खुर्ची दिली, चहा सांगितला. मलिहाने यंत्र ओढत आणलं, त्यावरचा ग्लासचा गोल डाग पुसला, सकाळीच बाजारातून आणलेला सिलिंडर लावला, नवी नळी फ्रीजला जोडली आणि बटण दाबलं. यंत्र घुंईं करून चालू झालं. सिंधूताई पदर सावरून ऐकायला पुढे झाल्या.

"कधी होनार?" त्यांनी विचारलं.

"होऊन राह्यलं, ताई."

"होऊन राह्यलं म्हंजे? फुस्स कुठं हाये?"

वहाबभाईंनी समजावलं. गॅस बाटलीत जातोय, हवेत नाही. सिंधूताईंनी ते एखाद्या उधार मागणाऱ्याचं ऐकावं तसं ऐकलं. "वहाबभाई, मी तुमच्याकडं वीस वर्षापासून येऊन राह्यली. मले फसवू नका. आवाज काढा, नाही त टेम्पो उभाच हाये."

बाजूचे दोघं-तिघं जमले. रसवंतीवाला गोपाल हात पुसत आला. मी दारात, बाबा माझ्या मागे. मलिहा यंत्राजवळ उकिडवी बसली होती, नळी हातात धरून, आणि तिने मान वर केली नाही. पण ती ऐकत होती, हे मला तिच्या खांद्यांवरून कळत होतं. वहाबभाईंचा हात एकदा पक्कडीकडे गेला. एक टिचकी आणि काम झालं असतं. सिंधूताई खूश, गिऱ्हाईक राहिलं, इज्जत राहिली. मी मनात म्हटलं, वहाबभाई, आता माती खाऊ नका.

हात परत आला. "आवाज नाही निघनार, ताई," ते म्हणाले.

"कोनाचा हुकूम हाये हा? सरकारचा?"

"नाही."

"मंग त्या बाहेरच्या देशायचा? ते तुमी नेहमी सांगता ते?"

"त्यायचा बी नाही."

"मंग पोरीचा म्हना," सिंधूताई म्हणाल्या, आणि जमलेले लोक हसले.

हेच ऐकायला लागू नये म्हणून हा माणूस दोन दिवस जेवला नव्हता. मला वाटलं आता भडकतील. पण वहाबभाई अगदी सरळ आवाजात म्हणाले, "पोरीचा बी नाही. म्या सही केली हाये, ताई. कोनी जबरदस्ती नाही केली माह्यावर. दुसऱ्याचा हुकूम असता त म्या कधीच मोडला असता. माही सही हाये, म्हनून मोडता नाही येत."

सिंधूताई म्हणाल्या, "आन फ्रीज नाही झाला थंडा त?"

"त माह्या घरचा उचलून न्या."

वरच्या खिडकीतून गौसियाभाभीचा आवाज आला, "माह्या फ्रीजचं नाव घेऊ नका तहात." यावर सिंधूताईंनाही हसू आवरलं नाही. त्या पुन्हा खुर्चीत बसल्या आणि गोपालला म्हणाल्या, "जा, टेम्पोवाल्याले सांग, थांबू नको म्हना."

आणि तेवढ्यात मलिहाचा फोन वाजला. कंपनीच होती. संध्याकाळ व्हायच्या आतच त्यांना घाई झाली होती. ती दचकली, खिशाकडे हात नेला, आणि हातातली नळी जोडाजवळ सैल पडली.

फुस्स.

बारीकसा, पण स्पष्ट. सिंधूताई खुर्चीतून उठल्याच. "आला, आला, ऐकला मी. आता कसं बरं वाटलं." आणि वहाबभाई, ज्यांनी जन्मभर हा आवाज काढला, ते वाघासारखे झेपावले, नळी घट्ट केली आणि मुलीवर ओरडले, "ध्यान कुठं हाये तुहं? गॅस चालला ना हवेत."

माझे बाबा, जे असल्या संधीची आयुष्यभर वाट बघत होते, पुढे झाले. "करार मोडला," ते म्हणाले. "पह्यल्याच दिवशी. दुसऱ्या पक्षानं मोडला. वहाब, दंड सांग."

सगळे वहाबभाईंकडे बघू लागले. फोन वाजून वाजून थांबला. मलिहा नळी धरून तशीच उकिडवी, लाजेने कानापर्यंत लाल झालेली. बाबा वहाबभाईंच्या कानाजवळ गेले, पण आमच्या घरात कुजबुजणं कुणाला येत नाही. "माग बे, माग," ते म्हणाले. "पोरगी ठेवून घे. कलमात बसते."

कलमात बसत होतं. मीच टाइप केलं होतं. वहाबभाईंनी फक्त म्हणायचं होतं की दंड म्हणून तू इथेच राहायचं. मलासुद्धा तेच हवं होतं. वहाबभाईंनाही तेच हवं होतं, माझ्याहून हजारपट जास्त. त्यांनी मुलीकडे पाहिलं. ओठ हलले, आणि एकदा वाटलं की म्हणालेच.

"दंड असा," ते म्हणाले, "का इथं जेवढे उभे हायेत तेवढ्यायले रस पाजाचा. गोपाल, बर्फ जास्त टाक."

"आन ते?" बाबांनी डोळ्याने मलिहाकडे खूण केली.

"ते दंडात मांगत नसतात, किसनभाऊ. जबरदस्तीची सही काई कामाची नसते, हे तूच सांगते ना रोज." मग त्यांनी मुलीच्या हातातली नळी स्वतःच्या हातात घेतली. "तुहा फोन वाजून राह्यला होता. जाचं असंन त जा, बेटा. मी खुशीनं पाठोतो. यंत्र तेवढं ठेवून जा, मले आता येते ते."

त्यांचा आवाज शेवटी फाटला आणि त्यांनी तो सावरायचा प्रयत्नही केला नाही. गोपालने रसाचे ग्लास आणले. सिंधूताईंनी एक आधी वहाबभाईंच्या पुढे धरला, पण त्यांचे दोन्ही हात नळीवर होते, म्हणून त्या तो तशाच धरून उभ्या राहिल्या.

फोन पुन्हा वाजला. मलिहाने या वेळी तो उचलला, आणि सगळ्यांच्या मधे उभी राहून, आपल्या त्या बापाच्या आवाजात बोलली.

"नाही सर, मी येत नाही. नाही, नाही, घरच्यांनी अडवलं नाही. ते तर जा म्हणून राहिलेत. माझं मीच ठरवलं."